तीन पत्ती येते? मग पोकर शिकताना इथे अडाल

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा बातम्यांमध्ये रमी, पोकर आणि फँटसी क्रिकेट ही नावं एका दमात येत होती. रमी म्हणजे काय हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. क्रिकेटचं तर बोलायलाच नको. राहिला पोकर. त्याबद्दल बहुतेकांची समजूत अशी, की ती आपली तीन पत्तीच, फक्त पानं पाच. ही समजूत निम्मी खरी आहे आणि सगळा घोळ त्या निम्म्यामुळेच होतो. ज्यानं कधी पत्ते हातात धरले नाहीत तो पोकर एका संध्याकाळी शिकतो. तीन पत्तीत मुरलेला गडी मात्र चौथ्या डावाला भांडायला उठतो, "काय बे, कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा असतंय की!" (कलर म्हणजे सगळी पानं एका रंगाची, सिक्वेन्स म्हणजे सलग पानं.) तीन पत्तीत असतो. पोकरमध्ये नसतो, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

पोकरचे प्रकार बरेच. इथे सांगितलाय तो टेक्सस होल्डेम. ॲपवर, स्पर्धांत आणि गोव्याच्या कॅसिनोत प्रामुख्यानं हाच चालतो.

काय लागतं

जोकर काढलेला ५२ पानांचा एक कॅट आणि दोन ते नऊ माणसं. सहा जण असले की डाव छान रंगतो. पैशांऐवजी सोंगट्या, म्हणजे चिप्स. त्या विकत आणायची गरज नाही. चिंचोका ५चा, शर्टाचं बटण २५चं आणि कवडी १००ची धरा. गणवेश शिवणाऱ्या आपल्या गावात बटणांना तोटा नाही. प्रत्येकाला १० चिंचोके, १० बटणं आणि ७ कवड्या दिल्या की बरोबर १,००० होतात. शेंगदाणे मात्र वापरू नका, दुसऱ्या डावापर्यंत निम्मी रक्कम पोटात गेलेली असते.

डाव कसा चालतो

एक जण डीलर. त्याच्यासमोर खूण म्हणून एखादं नाणं ठेवायचं आणि प्रत्येक डावानंतर ते डावीकडे सरकवायचं. डीलरच्या लगेच डावीकडचा माणूस पानं वाटण्याआधीच ५ टाकतो, त्याच्या पुढचा १०. याला अनुक्रमे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. पहिला अडथळा इथेच. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल, आणि ती निम्म्या दरात. पोकरमध्ये तसली सवलत नाही. ब्लाइंड ही फक्त दोघांवरची सक्तीची रक्कम, बाकीचे काहीही न टाकता पानं बघतात. तीन पत्तीत बूट, म्हणजे डावाआधी टाकायची सक्तीची रक्कम, सगळ्यांचा असतो, इथे तो दोघांवर येतो आणि खूण सरकत गेल्यामुळे आळीपाळीनं सगळ्यांना भरावा लागतो.

मग प्रत्येकाला दोन पानं उपडी, एकेक करून, डावीकडून सुरुवात करत. ही दोन फक्त तुमची. त्यावर बोलीची पहिली फेरी होते. त्यानंतर डीलर गड्डीतलं वरचं एक पान न बघता बाजूला टाकतो आणि तीन पानं मध्ये उघडी मांडतो. ही तीन सगळ्यांची सामायिक, त्यांना फ्लॉप म्हणतात. पुन्हा बोली. पुन्हा एक पान बाजूला, एक उघडं, तो टर्न. बोली. पुन्हा तसंच, पाचवं उघडं पान, तो रिव्हर. शेवटची बोली. तरीही दोन किंवा जास्त जण उरले असतील तर पानं दाखवायची.

दर वेळी एक पान बाजूला का टाकायचं? बोली चालू असते तेवढा वेळ गड्डीचं वरचं पान सगळ्यांच्या नजरेसमोर असतं. त्याच्या पाठीवर डाग असेल, कोपरा दुमडलेला असेल, तर पुढचं पान काय येणार हे एखाद्याला कळू शकतं. घरातल्या जुन्या कॅटमध्ये तर एक्क्यावर चहाचा डाग असतोच.

बोली कधी मिटते

तुमची पाळी आली की बोलायला मोजक्याच गोष्टी आहेत. या फेरीत अजून कुणी काही टाकलं नसेल तर चेक, म्हणजे काहीही न टाकता पुढे, किंवा बेट, म्हणजे आपण टाकायचं. कुणी आधीच टाकलं असेल तर कॉल, म्हणजे तेवढंच टाकायचं, रेज म्हणजे वाढवायचं, किंवा फोल्ड म्हणजे पानं टाकून द्यायची. मध्ये साचलेली रक्कम म्हणजे पॉट.

पहिल्या फेरीत बोलायला सुरुवात बिग ब्लाइंडच्या डावीकडून होते. पुढच्या तीन फेऱ्यांत डीलरच्या डावीकडचा जो कुणी डावात उरला असेल तो आधी बोलतो, म्हणजे डीलर सगळ्यांत शेवटी. ही शेवटची जागा सोन्यासारखी आहे, कारण बाकीच्यांनी काय केलं हे बघून तुम्ही ठरवता. नवखा माणूस आपल्या पानांकडे बघतो, कुठे बसलोय याकडे बघत नाही. तिथे त्याचं निम्मं नुकसान होतं.

तीन पत्तीत चाल फिरत राहते आणि दोघे उरले की कुणीतरी पैसे भरून शो मागतो. पोकरमध्ये शो मागता येत नाही. बोलीची फेरी भिशीच्या हिशोबानं मिटते: जे डावात राहिलेत त्या सगळ्यांचा हप्ता सारखा झाला की फेरी संपली. कुणी वाढवलं तर बाकीच्यांनी फरक भरायचा, नाहीतर पानं टाकायची. टाकलेली पानं मेली, आणि आधी भरलेलं परत मिळत नाही. (भिशीत परत मिळतं, तेवढा फरक धरा.)

किती वाढवायचं याला वर मर्यादा नाही, हातातलं सगळं लावता येतं. खाली मात्र आहे. निदान आधीच्या वाढीइतकी वाढ हवी. १०वर कुणी ३० केले, म्हणजे वाढ २०ची. पुढच्याला वाढवायचं असेल तर किमान ५०.

एक डाव, पान-पान उघडून

चौघे बसलेत. सिद्धू डीलर, त्याच्या डावीकडे रेणुका ५ टाकते, अण्णा १० टाकतात, त्यानंतर श्रीनू.

श्रीनूकडे बदाम दश्शी आणि बदाम नव्वी. तो ३० करतो. सिद्धूकडे इस्पिक राजा आणि किलवर राणी, तो ३० भरतो. रेणुका पानं टाकते, तिचे ५ पॉटमध्ये राहतात. अण्णांकडे चौकट छक्की आणि इस्पिक सत्ती, आधीच १० भरलेत म्हणून आणखी २० भरतात. पॉट ९५.

फ्लॉप: बदाम राजा, किलवर छक्की, बदाम चव्वी. अण्णा चेक, श्रीनू चेक. सिद्धूची राजांची जोडी झालीय, तो ५० लावतो. अण्णा छक्क्यांच्या जोडीवर विचार करून सोडतात. श्रीनूकडे चार बदाम झालेत, पाचवा हवाय. तो ५० भरतो. पॉट १९५.

टर्न: इस्पिक तिर्री. श्रीनूला उपयोग नाही. तो चेक, सिद्धू १०० लावतो. आता मध्ये २९५ आहेत आणि श्रीनूला १०० भरायचेत. भरावेत का?

हे बोटांवर मोजता येतं. श्रीनूला ६ पानं दिसताहेत, दोन हातातली आणि चार मधली. न दिसणारी ४६. १३ बदामांपैकी ४ दिसतात, म्हणजे ९ बाकी. ४६मध्ये ९, सुमारे १९.६ टक्के, पाचात एकदा. आणि भरायचंय किती? १०० भरल्यावर पॉट ३९५ होईल, त्यातले १०० त्याचे, म्हणजे २५ टक्क्यांहून थोडं जास्त. पाचात एकदा जिंकणाऱ्यानं चारात एकदा जिंकण्याची किंमत भरायची, हा तोट्याचा सौदा. सिद्धूनं ५० लावले असते तर? तेव्हा ५० भरल्यावर पॉट २९५ होईल, त्यातले ५० त्याचे, म्हणजे १७ टक्के. तेव्हा भरणं बरोबर होतं. श्रीनूची शक्यता दोन्हीकडे तीच, फक्त मागितलेली किंमत वेगळी.

श्रीनू तरीही भरतो. पॉट ३९५. रिव्हर: बदाम दुर्री! श्रीनूचा कलर झाला. तो १५० लावतो, सिद्धूला राजांची जोडी सोडवत नाही, तो भरतो. श्रीनू ६९५ ओढून घेतो.

मग आधीचे १०० भरणं बरोबरच होतं की? शेवटी सिद्धू आणखी १५० देणारच अशी खात्री असेल तर हिशोब बदलतो. तेव्हा १००च्या बदल्यात ४४५ मिळतात, म्हणजे एकूण ५४५मध्ये त्याचे १००, १८.३ टक्के, आणि श्रीनूच्या १९.६मध्ये ते बसतं. पण मध्ये तिसरा बदाम पडलेला बघून सिद्धू पानं टाकणार नाही हे आधी कसं कळणार? डाव जिंकला म्हणजे चाल बरोबर होती, हे पोकरमध्ये धरता येत नाही. शंभर वेळा तीच चाल खेळली तर काय होईल, हा प्रश्न विचारायचा.

कलर सिक्वेन्सला का मारतो

५२ पानांतून ५ पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. जो हात कमी वेळा पडतो तो मोठा, एवढा एकच नियम. सर्वांत वर स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच रंगाची सलग पाच पानं. ते सगळे मिळून ४०, त्यातले एक्का ते दश्शीवाले ४, त्यांना रॉयल फ्लश म्हणतात. मग एकाच नंबरची चार पानं, ६२४. मग फुल हाउस, म्हणजे एका नंबरची तीन आणि दुसऱ्याची दोन, ३,७४४. मग फ्लश, आपल्या भाषेत कलर, ५,१०८. मग स्ट्रेट, म्हणजे सिक्वेन्स, १०,२००. मग तिन्ही सारखी, आपली ट्रेल, ५४,९१२. दोन जोड्या १,२३,५५२. एक जोडी १०,९८,२४०. आणि काहीच नाही, फक्त मोठं पान, ते १३,०२,५४०.

आता तीन पानांचं बघा. एकूण २२,१०० हात. त्यात साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. म्हणजे तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पानांत सलग पाच जुळणं सोपं आणि एका रंगाची पाच मिळणं अवघड, म्हणून उलटं. दोन्ही खेळ आपापल्या जागी बरोबर आहेत. (तीन पत्तीत एक जागा मात्र गणितात बसत नाही. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सलग तीन पानं, ४८ आणि ट्रेल ५२. म्हणजे खरं तर प्युअर वर हवा होता. पण ट्रेलला खाली ढकलायची हिंमत कोण करणार!)

पोकरमध्ये सगळ्यात जास्त दगा देते ती ट्रेलच. तीन पत्तीत ती हाती आली की घर-दार लावतात. इथे तिच्यावर पाच प्रकारचे हात आहेत.

एक्का सिक्वेन्समध्ये दोन्ही टोकांना चालतो. एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी सर्वांत मोठा, एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी सर्वांत लहान. एक्का-दुर्री-तिर्रीला दुसऱ्या नंबरचा मान देणाऱ्या तीन पत्तीवाल्यांनी हे लक्षात ठेवा. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असा वळसा चालत नाही. आणि इस्पिक बदामापेक्षा मोठा वगैरे काही नाही, चारही रंग सारखे.

सातातून पाच, सहावं पान मोजत नाही

हातातली दोन आणि मधली पाच, अशा सातांपैकी उत्तम पाच घ्यायची. हातातलं एकच वापरा, दोन्ही वापरा, किंवा एकही वापरू नका. मधलीच पाच सर्वांत भारी असतील तर उरलेले सगळे पॉट वाटून घेतात.

घरच्या डावात सर्वांत जास्त वाद इथे होतो. मध्ये राजा, नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री आहे. रंग जुळत नाहीत. एकाकडे राजा-राणी, दुसऱ्याकडे राजा-गुलाम. दोघांची राजांची जोडी. मग जोडीबाहेरच्या तीन पानांत सर्वांत मोठं बघायचं, त्याला किकर म्हणतात. राणी गुलामाला मारते. पण मध्ये राजा, राणी, गुलाम, अठ्ठी, दुर्री असेल आणि एकाकडे राजा-छक्की, दुसऱ्याकडे राजा-पंजी, तर दोघांची पाच पानं एकच: राजा, राजा, राणी, गुलाम, अठ्ठी. छक्की-पंजी मोजलीच जात नाही. पॉट निम्मा निम्मा.

चिप्स संपल्या तर

समोर आहे तेवढंच लावता येतं, मधेच खिशातून काढता येत नाही. दुसऱ्यानं जास्त लावलं आणि आपल्याकडे कमी असलं तरी पानं टाकावी लागत नाहीत. सगळं लावायचं, याला ऑल-इन म्हणतात. इथेही भिशीचाच न्याय, ज्यानं जितका हप्ता भरला तितक्यावरच त्याचा हक्क.

एकाकडे १००, बाकी दोघांकडे ३००-३००, आणि तिघांनी सगळं लावलं. तिघांचे १००-१०० मिळून ३००चा मुख्य पॉट. उरलेल्या दोघांचे २००-२०० मिळून ४००चा बाजूचा पॉट. १००वाल्याचा हात सर्वांत भारी निघाला तर त्याला ३०० मिळतात. ४०० बाकीच्या दोघांत ज्याचा हात मोठा त्याला. हे दोन ढीग त्याच क्षणी वेगळे करून ठेवा. नंतर करू म्हटलं की कुणी किती टाकले यावरून रात्र जाते.

घरी खेळताना काय चुकतं

पाळी नसताना बोलणं. उजवीकडच्यानं अजून ठरवलं नाही आणि तुम्ही पानं टाकलीत, तर त्याला फुकट माहिती मिळाली आणि तिसऱ्याचं नुकसान झालं. "तुझे ५०, आणि माझे वर १००" अशी दोन हप्त्यांत वाढवणंही चालत नाही. आधी ५० ठेवून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग वाढवायचं, हा डाव त्यात साधता येतो. रक्कम एकदाच बोला, किंवा एकदाच ठेवा.

वाटताना एक पान उघडं पडलं तर वाटप पूर्ण करा, मग ते पान बदलून गड्डीतलं वरचं द्या आणि उघडं पडलेलं पान बाजूला टाकायच्या पानाच्या जागी वापरा. दोन उघडी पडली तर पुन्हा पिसा. फ्लॉपला चुकून चार पानं उघडली तर चारही उपडी करून मिसळायची, कुणीतरी न बघता एक काढायचं, ते पुढच्या बाजूला टाकायच्या पानाच्या जागी जातं, बाकीची तीन फ्लॉप.

शेवटी आधी कोणी दाखवायचं? शेवटच्या फेरीत ज्यानं शेवटचं लावलं किंवा वाढवलं त्यानं. सगळ्यांनी चेक केलं असेल तर डीलरच्या डावीकडून. आणि दोघेच खेळत असाल तर डीलरच स्मॉल ब्लाइंड भरतो, पहिल्या फेरीत आधी बोलतो आणि नंतरच्या फेऱ्यांत शेवटी. दोघांच्या डावात हे बहुतेक जण उलटं करतात.

शेवटी नशीबच ना?

एका डावात, हो. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते, आणि ती आली तरी हरू शकते. पण वरच्या डावात श्रीनूसमोर जो प्रश्न होता तो दर संध्याकाळी पन्नासदा येतो, आणि तो दर वेळी चुकीचं उत्तर देणारा माणूस महिनाभरात रिकामा होतो. कसब असतं ते उत्तरात. लोक मात्र थापेबद्दल, म्हणजे ब्लफबद्दल, जास्त बोलतात. घरगुती टेबलावर ब्लफ क्वचितच चालतो, कारण समोरचा पानं टाकायला तयारच नसतो. जो हार मानत नाही त्याला फसवून हार मानायला लावता येत नाही. अशांसमोर चांगल्या हातावर जास्त लावायचं आणि वाईट हात निमूट टाकायचा, बस.

मग पोलिस का येतात?

महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. जुगाराचा अड्डा चालवणं, तिथे सापडणं आणि सार्वजनिक जागी जुगार खेळणं हे त्यात गुन्हे आहेत. त्याचंच कलम १३ निव्वळ कसबाच्या खेळांना वगळतं. १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीत कसब प्रधान आहे असं म्हटलं आणि तिथेच तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा ठरवलं. पोकरबाबत असा एकमुखी निकाल नाही. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्यात पोकरला नाव घेऊन जुगारातून वगळलंय, तर गुजरात उच्च न्यायालयानं २०१७मध्ये त्याला जुगार म्हटलं. म्हणून "पोकर कसबाचा आहे, चालतो" असं सांगून कुणी खोली भाड्यानं घेऊन प्रत्येक पॉटमधून कमिशन काढत असेल, तर तिथे बसू नका.

ऑनलाइनचा २०२५चा कायदा कसब की नशीब या वादातच जात नाही. पैसे लावून असेल तर दोन्ही बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. कायद्याला कोर्टात आव्हानही दिलं गेलंय. पैसे न लावता खेळायच्या ॲपना ही बंदी नाही.

अशा ॲपवर शिकायला हरकत नाही, पण काय शिकताय ते बघा. हात ओळखणं, बोलीचा क्रम, बाजूचा पॉट कसा पडतो, हे तिथे पटकन पक्कं होतं. समोरच्याची वागणूक मात्र तिथे शिकू नका. चिप्स फुकटच्या असल्यामुळे दुर्री-सत्ती घेऊनही तिथे सगळे शेवटपर्यंत कॉल करतात.